आवक एकत्र, जावक वेगळी: एकाच मेल प्रोग्रॅममध्ये अनेक ईमेल खाती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्या मेल प्रोग्रॅमच्या डाव्या पट्टीत सध्या सहा खाती आहेत. कामाची दोन, घरचं एक, एका संस्थेचं थोडं काम बघतो तिचं एक, ऑनलाइन नोंदण्यांसाठी मुद्दाम काढलेलं एक, आणि कॉलेजात असताना मित्रांच्या नादाने काढलेलं एक, ज्याचा पत्ता आता कुणाला सांगायचीही लाज वाटते. ऑफिसात आवक आणि जावक अशी दोन रजिस्टरं असतात, तसाच हा कारभार आहे. येणारं टपाल एकाच टेबलावर पडलं तर उलट सोय होते. जाणाऱ्या पाकिटावर मात्र शिक्का चुकता कामा नये. लोक मला जे प्रश्न विचारतात त्यातले निम्मे तरी या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे निघालेले असतात.

उदाहरणं बहुतेक थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची आहेत, कारण मी रोज तेच वापरतो. आउटलुक किंवा ॲपल मेलमध्ये काही वेगळं असेल तिथे तसं लिहिलं आहे.

ब्राउझरमध्ये सगळी खाती उघडी ठेवता येतातच की. मग वेगळा प्रोग्रॅम कशाला?

दोनच खाती असतील तर खरंच नको. तिसरं आलं की फरक कळायला लागतो. "ते बिल नेमकं कुठल्या पत्त्यावर आलं होतं?" हे तीन टॅबमध्ये तीनदा शोधायचं की एकदाच, हा पहिला मुद्दा. दुसरा म्हणजे मेलची एक प्रत तुमच्या स्वतःच्या डिस्कवर राहते, त्यामुळे नेट गेलं तरी जुना पत्रव्यवहार वाचता येतो आणि उत्तरं लिहून ठेवता येतात. तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. वेगवेगळ्या कंपन्यांची खाती एकाच चेहऱ्याने समोर येतात. एकीकडे बटण वर, दुसरीकडे खाली, आणि दर वर्षी रचना बदललेली, ही कटकट संपते.

सगळी मेल एकाच खात्यावर फॉरवर्ड करून टाकली तर?

पुष्कळ जण तेच करतात आणि वर्षभराने पस्तावतात. फॉरवर्ड झालेली मेल मधल्या सर्व्हरवरून येते. त्यामुळे मूळ पाठवणाऱ्याच्या डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची) एसपीएफ नावाची जी तपासणी असते, म्हणजे मेल त्या डोमेनने नेमलेल्या सर्व्हरवरूनच आली का हे बघणं, तिच्यात ती अडकू शकते आणि चांगली मेल स्पॅममध्ये जाऊन बसते. शिवाय उत्तर लिहायला बसलात की ते जमा करणाऱ्या खात्यातून जातं. म्हणजे आवक सुधारायला गेलात आणि जावक बिघडवून बसलात.

कोणता प्रोग्रॅम घ्यावा?

थंडरबर्ड मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि डिसेंबर २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली तेव्हापासून टिकून आहे. मॅकवर असाल आणि गरजा साध्या असतील तर ॲपल मेल पुरतं. ऑफिस एक्स्चेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिससाठीच्या मेल सर्व्हरवर, असेल तर आउटलुकला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

आउटलुकबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. विंडोजवर आता दोन आउटलुक आहेत, जुनं आणि नवं. नव्यात तुम्ही जीमेल किंवा याहूचं खातं जोडलंत की त्यातली मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी सिंक होते, म्हणजे तिची प्रत तिकडेही जाते. काहींना त्याचं काहीच वाटत नाही, मला वाटतं. विंडोजबरोबर येणारं साधं 'मेल' ॲप अजून कुणी वापरत असेल तर त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला आहे.

आयमॅप की पॉप?

सर्व्हरवरची मेल प्रोग्रॅममध्ये बघण्याच्या या दोन पद्धती. त्यातली आयमॅप घ्या. एका ओळीत हेच उत्तर, पण कारण समजलं तर पुढची अर्धी भांडणं मिटतात.

पॉपचा जन्म १९८४ चा. तेव्हा जोडणी हळू आणि महाग होती, म्हणून पद्धत अशी की पोस्टात जायचं, पेटी रिकामी करायची, टपाल घरी आणायचं. पोस्टात काही शिल्लक ठेवायचं कारणच नव्हतं. आयमॅप त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलं. त्यात टपाल पोस्टातच राहतं आणि तुम्ही कुठूनही जाऊन ते वाचता, खूण करता, फोल्डरात लावता. एकाने वाचलेलं दुसऱ्या उपकरणावरही वाचलेलंच दिसतं.

आता फोन आणि संगणक दोन्ही असलेल्या माणसाने पॉप लावलं की काय होतं बघा. संगणकाने सकाळी मेल उतरवून घेतली आणि सर्व्हरवरून काढून टाकली. दुपारी फोनवर ती मेल नाहीच. माणूस म्हणतो, "मेल गायब झाली." ती गायब झालेली नसते, घरच्या डिस्कवर पडलेली असते, आणि ती डिस्क गेली तर मात्र खरंच गायब.

पॉपला एक जागा अजून आहे. एखाद्या खात्यात सर्व्हरवर जागा फारच कमी असेल आणि ते एकाच संगणकावर वापरत असाल तर पॉप लावा, पण 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय निदान १४ दिवसांसाठी चालू ठेवा.

आयमॅपची उलटी बाजूही सांगायला हवी. सर्व्हरवरची आणि तुमच्यासमोरची मेल एकच असते, त्यामुळे इथे पुसली की सगळीकडे पुसली. "संगणकावर जागा करायला म्हणून जुन्या मेल उडवल्या आणि फोनवरूनही गेल्या" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकताना चेहरा सरळ ठेवणं जड जातं.

पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, तरी प्रोग्रॅम म्हणतो चुकीचा आहे.

कारण नुसता पासवर्ड आता चालत नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डाने आत येणं ३० मे २०२२ पासून बंद केलं, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता दोनच वाटा आहेत. पहिली ओऑथ. प्रोग्रॅम एक छोटी ब्राउझर खिडकी उघडतो, तुम्ही कंपनीच्याच पानावर लॉगिन करता आणि प्रोग्रॅमला फक्त परवानगी मिळते. जुनं खातं असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' या ओळीत 'नॉर्मल पासवर्ड' लिहिलेलं दिसेल. तिथे 'ओऑथ२' निवडा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा, बहुतेक वेळा काम झालं.

गूगलसारख्या खात्यांसाठी दुसरी वाट म्हणजे ॲप पासवर्ड. खात्यात दुहेरी पडताळणी चालू करायची आणि फक्त या प्रोग्रॅमसाठी एक वेगळा पासवर्ड तयार करून घ्यायचा. गूगलचा सोळा अक्षरांचा असतो. लक्षात ठेवण्याचं एवढंच की गूगलचा मूळ पासवर्ड बदललात की हे ॲप पासवर्डही रद्द होतात. रविवारी पासवर्ड बदलायचा आणि सोमवारी "मेल बंद पडली" म्हणायचं, असं होतं ते यामुळे.

पोर्टचे आकडे हाताने भरायची वेळ आली तर?

पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर. आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. जोडणीच्या सुरक्षेच्या ओळीत ४६५ ला 'एसएसएल/टीएलएस', ५८७ ला 'स्टार्टटीएलएस'. या जोड्या उलट्यासुलट्या लावल्या की प्रोग्रॅम कितीतरी वेळ विचार करत बसतो आणि शेवटी काहीतरी भलतीच चूक सांगतो. २५ नंबरच्या वाटेला जाऊ नका, तो सर्व्हर-सर्व्हरमधला आहे.

सगळे इनबॉक्स एकत्र कसे दिसतील?

थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या पट्टीच्या मेनूत 'युनिफाइड फोल्डर्स' आहे, ॲपल मेलमध्ये 'ऑल इनबॉक्सेस' आधीपासून वरच असतं. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकात असा तयार एकत्रित इनबॉक्स नाही. तिथे शोधपट्टीची व्याप्ती 'ऑल मेलबॉक्सेस' करून काम भागवावं लागतं.

हा एकत्रित इनबॉक्स म्हणजे खरा फोल्डर नव्हे, नुसती काच आहे. मेल आपापल्या खात्यातच असतात, तुम्हाला एकत्र दिसतात एवढंच. म्हणून युनिफाइड दृश्य बंद केलं तर काहीही पुसलं जात नाही. पण त्यात दिसणारी मेल डिलीट केलीत तर ती खऱ्या खात्यातून जाते. काच पुसताय असं समजून मागचं चित्र पुसू नका.

एकत्र झाल्यावर कोणती मेल कुठल्या खात्यावर आली हे कसं कळणार?

यादीच्या मथळ्यावर उजवी क्लिक करून 'अकाउंट' हा रकाना लावा. एकत्रित इनबॉक्स वापरणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

कारण नुसतं सोयीचं नाही. माझ्या बँकेला माझा घरचा पत्ता माहीत आहे. तीच बँक मला 'तुमचं खातं आज रात्री बंद होणार' असं नोंदण्यांसाठी काढलेल्या पत्त्यावर कशी कळवेल? रकान्यात दुसऱ्या खात्याचं नाव दिसलं की ती मेल न उघडताच खोटी ठरते. वेगळी खाती ठेवण्याचा हा फायदा एकत्रित इनबॉक्समध्ये सहज हरवतो, कारण सगळ्या मेल एका रांगेत सारख्याच प्रतिष्ठित दिसतात. रकाना लावला की तो परत मिळतो.

चुकीच्या खात्यातून मेल जाते. कशी थांबवायची?

हा खरा प्रश्न. बाकीचे प्रश्न सुटले आणि हा राहिला तर सगळ्याचा काही उपयोग नाही.

माझं सांगतो. कामाच्या ठिकाणी एका ग्राहकाला दरपत्रक पाठवायचं होतं. सकाळी एकत्रित इनबॉक्समध्ये काहीतरी वाचत होतो, तिथूनच 'नवी मेल' दाबलं, दरपत्रक जोडलं, व्यवस्थित नमस्कारासकट पाठवून दिलं. ते गेलं त्या कॉलेजच्या खात्यातून, कारण मी सगळ्यात आधी जोडलेलं खातं तेच आणि डीफॉल्टही तेच राहिलेलं. खाली सही म्हणून त्या काळातली एक आचरट चारोळी. ग्राहकाने दोन दिवसांनी फोन करून विचारलं, "मेल तुमचीच होती ना?" त्याने ती आधी स्पॅम समजून सोडून दिली होती. दोन दिवस गेले ते गेलेच.

झालं काय हे समजून घ्या. उत्तर देताना प्रोग्रॅम शहाणा असतो. मेल ज्या खात्यावर आली त्याच खात्यातून उत्तर जातं, एकत्रित इनबॉक्समधूनसुद्धा. धोका आहे तो नव्या मेलचा. नवी मेल साधारणपणे तुम्ही ज्या खात्याच्या फोल्डरात उभे आहात त्या खात्यातून निघते, आणि प्रोग्रॅमला ते ठरवता आलं नाही तर डीफॉल्ट खात्यातून. एकत्रित इनबॉक्समध्ये उभं असताना तुम्ही नेमके कुठे उभे आहात हे तुम्हालाही माहीत नसतं.

मी त्यानंतर तीन गोष्टी केल्या. डीफॉल्ट खातं असं ठेवलं की चूक झालीच तर कमीत कमी लाज जाईल. माझ्या बाबतीत ते घरचं साधं नाव-आडनावाचं खातं. प्रत्येक खात्याला वेगळी सही लावली, आणि ती नुसत्या नावापुरती नाही. कामाच्या सहीत पदनाम, संस्थेच्या सहीत संस्थेचं नाव, घरच्या सहीत फक्त पहिलं नाव. लिहिताना नजर सहीवर पडतेच, आणि चुकीची सही 'फ्रॉम'च्या ओळीपेक्षा लवकर टोचते. तिसरं म्हणजे रंग. थंडरबर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक खात्याला रंग देता येतो. कामाचा लाल ठेवला आहे, बाकीचे शांत.

जुन्या आउटलुकात आणखी एक उपाय आहे, तो मला फार आवडतो. एक नियम करून प्रत्येक जाणारी मेल दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबवून ठेवता येते. पाठवल्याक्षणीच आठवतं ना, अटॅचमेंट राहिली म्हणून? ती दोन मिनिटं त्यासाठीच.

ॲपल मेलमध्ये 'कंपोझिंग'च्या सेटिंगमध्ये नवी मेल कुठल्या खात्यातून जावी हे ठरवता येतं. तिथे 'सर्वांत योग्य खातं आपोआप निवडा' असा पर्याय असतो. आपोआप या शब्दावर माझा विश्वास नाही, मी एक खातं पक्कं करून टाकीन.

'फ्रॉम'मध्ये खातं बरोबर आहे, तरी समोरच्याला दुसराच पत्ता दिसतो. किंवा मेल सरळ स्पॅममध्ये जाते.

इथे पाकीट एकाचं आणि पोस्ट दुसऱ्याचं झालेलं असतं. मेल घेण्याचा सर्व्हर आणि पाठवण्याचा सर्व्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवं खातं हाताने जोडताना लोक घेण्याचा सर्व्हर नीट भरतात आणि पाठवण्याच्या जागी 'डीफॉल्ट सर्व्हर' तसाच राहतो. म्हणजे संस्थेच्या पत्त्याची मेल तुमच्या जीमेलच्या सर्व्हरवरून निघते.

मग जीमेलचा सर्व्हर आपला न्याय लावतो. तो पत्ता 'याही पत्त्यावरून पाठवा' म्हणून आधी पडताळून घेतलेला नसेल तर तो पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचाच पत्ता घालून देतो. दुसरे काही सर्व्हर मेल घेतच नाहीत, ५५० किंवा ५५३ ने सुरू होणारा संदेश परत करतात. आणि एखाद्याने जाऊ दिलीच तर पलीकडचा सर्व्हर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या करून विचारतो की या डोमेनचं पत्र या सर्व्हरकडून कसं आलं. उत्तर समाधानकारक नसेल तर स्पॅम.

उपाय पाच मिनिटांचा आहे. खात्यांच्या सेटिंगमध्ये एकेका खात्यावर जा, तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर'ची ओळ बघा आणि तिथे त्याच खात्याचा सर्व्हर निवडा. सहा खाती असतील तर पाठवण्याचे सर्व्हरही साधारण सहाच असायला हवेत. यादीत चारच दिसले तर दोन खाती कुणाच्या तरी खांद्यावर बसून जात आहेत.

पाठवलेली मेल 'सेंट'मध्ये दोनदा दिसते.

जीमेलचा सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो. प्रोग्रॅमही ठेवत असेल तर दोन होतात. त्या खात्याच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये जाऊन प्रत ठेवण्याची खूण काढा. फक्त त्याच खात्याची काढा. सगळ्यांची काढलीत तर जे सर्व्हर स्वतः प्रत ठेवत नाहीत तिथल्या जावकचा पुरावाच राहणार नाही.

आणि सेंटमध्ये दिसतच नाही, पण समोरच्याला पोचली आहे?

मग ती बहुधा 'सेंट आयटम्स' नावाच्या भावंडात आहे. एका प्रोग्रॅमने 'सेंट' काढला, फोनने 'सेंट मेसेजेस' काढला, सर्व्हरचा तिसराच. एक ठरवा, तोच सगळ्या उपकरणांवर नेमून द्या, बाकीच्यांतली मेल त्यात हलवा. ड्राफ्ट आणि ट्रॅशचंही हेच.

जीमेल जोडल्यावर प्रत्येक मेल दोन-तीनदा सापडते.

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला तीन लेबलं असली की आयमॅपमधून ती तीन फोल्डरांत दिसते, आणि वर 'ऑल मेल' नावाचा एक फोल्डर असतो ज्यात सगळंच असतं. जीमेलच्या सेटिंगमधल्या लेबलांच्या पानावर 'आयमॅपमध्ये दाखवा' अशी खूण असते. 'ऑल मेल'समोरची ती काढून टाका. शोधही हलका होतो आणि डिस्कही. एक अडचण मात्र आधीच सांगतो: जीमेलमध्ये 'आर्काइव्ह' केलेल्या, लेबल नसलेल्या मेल फक्त ऑल मेलमध्येच असतात. आर्काइव्ह करण्याची सवय असेल तर हा फोल्डर लपवू नका.

फिल्टर प्रोग्रॅममध्ये लावावेत की सर्व्हरवर?

जे काम तुम्ही संगणक बंद करून गेलात तरी व्हायला हवं ते सर्व्हरवर. प्रोग्रॅममधले फिल्टर प्रोग्रॅम चालू असतानाच चालतात. सुटीवर गेलात की फोनवर कचऱ्याचा ढीग दिसायला लागतो. थंडरबर्डमध्ये फिल्टर प्रत्येक खात्याचे वेगळे असतात, म्हणून "फिल्टर लावला तरी चालत नाही" अशी तक्रार असेल तर आधी बघा की तो भलत्याच खात्यावर तर लावला नाही ना.

एकाच खात्याचे दोन-तीन पत्ते आहेत. प्रत्येकासाठी वेगळं खातं जोडायचं का?

नाही. त्यासाठी थंडरबर्डमध्ये 'आयडेंटिटी' असते. खातं एकच, पण पाठवताना नाव, पत्ता, सही वेगळी.

"खूप जास्त जोडण्या" असा संदेश येतो.

प्रोग्रॅम एकेका खात्याशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो, थंडरबर्ड सहसा पाचपर्यंत. जीमेल एका खात्याला एकदम १५ जोडण्या देतं. दोन संगणक, एक फोन, एक टॅब्लेट, शिवाय कधीकाळी परवानगी दिलेली आणि विसरलेली दोन ॲप्स, एवढ्यात १५ संपतात. सर्व्हर सेटिंगच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये पाचाचे दोन करा. मेल येण्यात काही फरक जाणवत नाही.

सहा खात्यांनी डिस्क भरून जाणार नाही का?

सगळी मेल उतरवायची गरजच नाही. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सिंकच्या पानावर 'अलीकडच्या ३० दिवसांच्या मेल' असं सांगता येतं. जुन्यांची यादी दिसते, उघडली की नेटवरून येते. नोंदण्यांच्या खात्याला ३० दिवस, कामाच्या खात्याला सगळं, अशी वाटणी मी केली आहे. जुन्या आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या फाइलला मूळ मर्यादा ५० जीबीची असते, पण तिथवर जाऊ देऊच नये. फाइल फुगली की शोध रेंगाळतो.

थंडरबर्डमध्ये मेल पुसल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही, कारण एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये एकामागे एक लिहिलेल्या असतात. पुसलेल्यावर नुसती खूण होते. 'कॉम्पॅक्ट' केलं की फाइल नव्याने लिहिली जाते. याच रचनेमुळे एक अपघात होतो: अँटिव्हायरसला त्या फाइलमध्ये एक वाईट अटॅचमेंट सापडते आणि तो अख्खा इनबॉक्स उचलून कोठडीत ('क्वारंटाइन'मध्ये) टाकतो. आयमॅप असेल तर सर्व्हरवरून परत येतो. पॉप असेल तर अँटिव्हायरसच्या कोठडीत आधी बघा.

२० एमबीची फाइल एका खात्यातून जाते, दुसऱ्यातून नाही.

मर्यादा प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते. शिवाय मेलमधून जाताना अटॅचमेंट मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून २५ एमबीच्या मर्यादेत प्रत्यक्षात १८-१९ एमबीच बसतात.

एका खात्यातली मेल दुसऱ्या खात्यात हलवता येते?

येते, नुसती ओढून टाका. पण 'हलवा' नको, आधी 'कॉपी' करा. मध्येच जोडणी तुटली तर कॉपीत काही बिघडत नाही. पाचशे-हजारांच्या गठ्ठ्याने करा, दोन्हीकडचे आकडे जुळवा, मगच मूळचं पुसा. नोकरी सोडताना ऑफिसची मेल घरच्या खात्यात ओढण्याचा मोह अनेकांना होतो. ती मेल ऑफिसची असते, विचारून करा.

संगणक घरात दोघं-तिघं वापरतात. माझी खाती सुरक्षित आहेत का?

प्रोग्रॅम उघडला की सहाही खाती उघडी, हे विसरू नका. एका चावीने सहा कुलपं. थंडरबर्डचा 'प्रायमरी पासवर्ड' लावला की साठवलेले पासवर्ड कुलुपात जातात, पण डिस्कवर उतरलेली मेल त्याने झाकली जात नाही. म्हणून संगणकावर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन ठेवा, लॅपटॉप असेल तर डिस्कचं एन्क्रिप्शनही चालू करा.

नव्या संगणकावर सगळं पुन्हा भरायचं?

नाही. थंडरबर्डमध्ये खाती, सह्या, फिल्टर, पत्ते, उतरवलेली मेल, सगळं 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरात असतं. मदतीच्या मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून तो उघडता येतो. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, फोल्डर उचला, नव्या जागी ठेवा. प्रोग्रॅम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. हाच फोल्डर अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर टाकला की तो बॅकअप. सर्व्हरवर सगळं आहे म्हणून बॅकअप नको असं वाटत असेल तर वर आयमॅपबद्दल लिहिलेलं आठवा: तिथून पुसलं की इथूनही जातं.

जुनी, न वापरलेली खाती जोडून ठेवावीत का?

ठेवावीत, पण वर्षातून दोनदा ब्राउझरमधून लॉगिनही करावं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तो नियम लागू आहे. जुन्या खात्याकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्या कुठल्या तरी महत्त्वाच्या खात्याचा 'पासवर्ड विसरलात?'चा दुवा अजून तिथेच येत असतो. माझं ते चारोळीवालं खातं मी याच कारणाने अजून जिवंत ठेवलं आहे. सही तेवढी काढली.

प्रोग्रॅममधून खातं काढून टाकलं तर त्यातल्या मेल जातात का?

आयमॅप असेल तर नाही. खातं सर्व्हरवर जिथल्या तिथे असतं, फक्त तुमच्या डाव्या पट्टीतून उतरतं. पॉप असेल तर थांबा, कारण मेल कदाचित फक्त तुमच्याच डिस्कवर आहेत. आधी त्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. मग काढताना थंडरबर्ड 'मेसेज डेटाही काढायचा का' असं वेगळं विचारतं, तिथली चौकट रिकामीच ठेवा. आणि त्या खात्याचा पाठवण्याचा सर्व्हर यादीत मागे राहिला आहे का तेही बघून घ्या.